धड लाकडाचं, इंजिन जेटचं : भारताचं पहिलं जेट फायटर 'व्हॅम्पायर' आणि ते जपणं इतकं अवघड का आहे?

लाकडाचं विमान म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? जत्रेतलं खेळणं, नाहीतर शाळेच्या प्रदर्शनातलं मॉडेल. पण भारतीय हवाई दलाचं पहिलंवहिलं जेट लढाऊ विमान खरोखरच अर्धं लाकडाचं होतं. पायलट ज्या धडात बसायचा ते धड प्लायवूडचं होतं. पंख, शेपूट आणि इंजिन मात्र धातूचं.

त्याचं नाव डी हॅविलंड व्हॅम्पायर. गोवा मुक्तीच्या वेळी ते आकाशात होतं. १९६५च्या युद्धात पहिल्याच दिवशी ते लढायला गेलं आणि त्याच संध्याकाळी चार विमानं परत आली नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला याचं काय? तर आहे. लाकूड म्हणजे काय, ते कसं वाळतं, कसं फुगतं, वाळवी त्याचं काय करते हे बल्लारपूरच्या डेपोत किंवा आलापल्लीच्या जंगलात काम केलेल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. व्हॅम्पायर जपण्याचा सगळा प्रश्न नेमका तिथेच येऊन अडतो.

सुरुवातीपासून बघू.

व्हॅम्पायर आलं कुठून?

दुसरं महायुद्ध सुरू होतं. पंख्याच्या विमानांचा वेग आता फार वाढणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं आणि प्रत्येक देश जेट इंजिनाच्या मागे लागला होता. ब्रिटनचं पहिलं जेट फायटर होतं ग्लॉस्टर मेटिअर. त्याच्या पाठोपाठ आलं व्हॅम्पायर. २० सप्टेंबर १९४३ रोजी इंग्लंडमधल्या हॅटफिल्डच्या धावपट्टीवरून त्याचं पहिलं उड्डाण झालं. कंपनीच्या संस्थापकांचा मुलगा जेफ्री डी हॅविलंड ज्युनियर ते विमान उडवत होता.

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये ते ब्रिटिश हवाई दलात दाखल झालं. पण त्याआधीच त्याने एक विक्रम केला होता. ३ डिसेंबर १९४५ रोजी एरिक ब्राउन या पायलटने व्हॅम्पायर विमानवाहू जहाजावर उतरवलं. जेट विमान जहाजावर उतरण्याची ही पहिलीच वेळ. पुढे जुलै १९४८ मध्ये सहा व्हॅम्पायरनी अटलांटिक महासागर पार केला. तेही जेट विमानांनी पहिल्यांदाच.

जगभरात मिळून ३,२०० पेक्षा जास्त व्हॅम्पायर बनली.

पण लाकूड का वापरलं?

याचं उत्तर डी हॅविलंड कंपनीच्या आधीच्या विमानात आहे. त्याचं नाव मॉस्किटो. युद्धकाळात ॲल्युमिनियमची टंचाई होती, पण फर्निचर बनवणारे सुतार आणि कारखाने मोकळे होते. कंपनीने डोकं लावलं आणि अख्खं बॉम्बर विमान लाकडाचं बनवलं. ते इतकं वेगवान निघालं की टीका करणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

पद्धत अशी होती. बर्च झाडाच्या पातळ प्लायचे दोन थर घ्यायचे. मधे बाल्सा नावाचं अगदी हलकं लाकूड भरायचं. साच्यावर दाबून सगळं सरसाने चिकटवायचं. दोन पापड आणि मधे सारण असं समजा.

बाल्सा किती हलकं? आपल्याकडच्या सागवानाचा एक घनफूट तुकडा साधारण १८ किलो भरतो. तेवढाच बाल्साचा तुकडा साडेचार किलोच्या आसपास. एकटं बाल्सा नखाने दाबलं तरी दबतं. पण दोन्ही बाजूंनी प्लाय चिकटवली की तेच लाकूड कडक, गुळगुळीत आणि हलकं धड बनतं. वर खिळे-रिव्हेटांचे उंचवटे नाहीत, त्यामुळे हवाही कमी अडते.

व्हॅम्पायरचं धड याच पद्धतीने बनलं. बाकीचं विमान धातूचं होतं.

मॉस्किटोच्या बाबतीत अजून एक गंमत आहे. त्याच्या लाकडावर जे सुती कापड चिकटवून रंगवत, त्याला मादापोलम म्हणतात. हे नाव आंध्रातल्या नरसापूरजवळच्या मादापोलम या गावावरून पडलं. ते गाव गोदावरीच्या काठावर आहे. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ प्राणहिता ज्या गोदावरीला मिळते, तीच गोदावरी खाली वाहत त्या गावापर्यंत जाते. त्या काठावरच्या विणकरांच्या कापडाचं नाव इंग्लंडच्या बॉम्बर विमानापर्यंत पोहोचलं होतं.

शेपटीला दोन दांडे कशाला?

व्हॅम्पायरचा फोटो बघितला की आधी हेच दिसतं. मधे बुटकं धड, मागे दोन लांब दांडे आणि दांड्यांच्या टोकाला जोडलेली शेपूट.

कारण साधं आहे. सुरुवातीच्या जेट इंजिनांची ताकद कमी होती. इंजिनातून निघणारा गरम वायू लांब नळीतून बाहेर काढला तर त्या नळीतच थोडी ताकद वाया जायची. म्हणून नळी जितकी आखूड तितकं चांगलं. मग धड आखूड केलं, इंजिनाचा धूर लगेच बाहेर सोडला आणि शेपूट दोन दांड्यांवर मागे नेली.

विमान तसं लहानच. लांबी साडेनऊ मीटरच्या आत, पंखांचा पसारा साडेअकरा मीटरच्या आसपास. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. पंखांखाली बॉम्ब किंवा रॉकेट.

भारतात कधी आलं?

स्वातंत्र्यानंतर साधारण सव्वा वर्षातच. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली व्हॅम्पायर भारतात पोहोचली. आशियातल्या देशांमध्ये जेट फायटर ताफ्यात घेणाऱ्या अगदी पहिल्या हवाई दलांत भारत जाऊन बसला. सात नंबरच्या स्क्वॉड्रनला ही विमानं सर्वात आधी मिळाली.

नंतर बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने परवाना घेऊन व्हॅम्पायर इथेच बनवायला सुरुवात केली. दोनशेहून जास्त विमानं तिथून बाहेर पडली. आज आपण तेजसचं कौतुक करतो, पण भारतात जेट विमान बनवण्याचा हात बसला तो व्हॅम्पायरवर.

त्याचे तीन प्रकार आपल्याकडे होते. एक आसनाचं लढाऊ आणि बॉम्बफेकी विमान, रात्री लढण्यासाठी रडार बसवलेलं विमान, आणि शिकाऊ पायलटांसाठी शेजारी-शेजारी दोन आसनांचं विमान. हे शेवटचं सर्वात जास्त टिकलं. सत्तरच्या दशकापर्यंत हवाई दलाच्या किती तरी पायलटांनी आपलं पहिलं जेट उड्डाण याच विमानात केलं. पुढे त्याची जागा घ्यायला भारताने स्वतःचं 'किरण' विमान बनवलं.

गोव्याच्या आकाशात

डिसेंबर १९६१. ऑपरेशन विजय. हवाई मोहिमेची सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती आणि पुणे व बेळगावजवळचं सांबरा हे मुख्य तळ होते.

१८ डिसेंबरला कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं. ४५ नंबरच्या स्क्वॉड्रनची व्हॅम्पायर जमिनीवरच्या सैन्याला मदत लागली तर म्हणून घिरट्या घालत होती. मोठं काम त्यांच्या वाट्याला आलं नाही. उलट एका चुकीत दोन व्हॅम्पायरची रॉकेट आपल्याच शीख लाइट इन्फंट्रीच्या जागेवर पडली आणि दोन जवान जखमी झाले.

ही गोष्ट कौतुकाच्या पोस्टमध्ये सहसा नसते. पण आठवण जपायची तर पूर्ण जपावी लागते. वरून वेगाने जाणाऱ्या विमानातून खालचा सैनिक आपला की परका हे ओळखणं त्या काळात किती अवघड होतं, ते यातून कळतं.

१ सप्टेंबर १९६५ : छांबची संध्याकाळ

या विमानाची सर्वात जड आठवण ही आहे.

त्या दिवशी पहाटे पाकिस्तानने छांब भागात रणगाडे घुसवले. अखनूरचा पूल त्यांच्या हातात गेला असता तर काश्मीरमधल्या आपल्या सैन्याचा एक महत्त्वाचा रस्ता तुटला असता. दुपारी सैन्याने हवाई मदत मागितली. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग. चव्हाणांनी काही मिनिटांत परवानगी दिली.

पठाणकोटच्या तळावर त्या वेळी तयार होती मिस्टेअर आणि व्हॅम्पायर विमानं. व्हॅम्पायर तोवर जुनं झालं होतं. आराखडा १९४३चा. वेग ताशी ९०० किलोमीटरच्याही आत. समोर पाकिस्तानकडे अमेरिकन सेबर विमानं होती, ताशी ११०० किलोमीटरच्या आसपास जाणारी आणि मागे झुकलेल्या पंखांची. पण सूर्य मावळायला वेळ कमी होता आणि रणगाडे पुढे येत होते. जे हाताशी होतं ते पाठवण्यावाचून पर्याय नव्हता.

व्हॅम्पायर चार-चारच्या तुकड्यांनी निघाली. खाली रणगाड्यांवर हल्ला करताना त्यांच्यावर सेबर येऊन पडली. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर गेली. फ्लाइट लेफ्टनंट भागवागर, फ्लाइट लेफ्टनंट जोशी आणि फ्लाइट लेफ्टनंट भारद्वाज हे तिघे शहीद झाले. चौथे पायलट, फ्लाइट लेफ्टनंट पाठक, पॅराशूटने बाहेर पडून वाचले.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. एक आसनाच्या व्हॅम्पायरला पायलटला बाहेर फेकणारी खुर्ची, म्हणजे इजेक्शन सीट नव्हती. विमान पेटलं की वरचं झाकण स्वतः उघडायचं, पट्टे सोडायचे आणि उडी मारायची. जमिनीपासून थोड्याच उंचीवर असताना एवढं सगळं करायला किती सेकंद मिळत असतील, याचा विचार तुम्हीच करा.

या हवाई हल्ल्यांनी पाकिस्तानच्या पुढे सरकण्याला त्या संध्याकाळी अडथळा आला आणि सैन्याला सावरायला वेळ मिळाला. पण धडाही मिळाला. दुसऱ्या दिवसापासून व्हॅम्पायर आघाडीच्या लढाईतून मागे घेतली गेली. दोनच दिवसांनी, ३ सप्टेंबरला, छोट्या नॅट विमानांनी सेबरशी सामना केला आणि लोकांच्या तोंडी नॅटचं नाव बसलं. व्हॅम्पायर मागे पडलं ते पडलंच.

जिंकलेल्या विमानाची आठवण सगळे काढतात. पण जुनं विमान घेऊन, ते जुनं आहे हे माहीत असूनही जे गेले त्यांची आठवण काढायला ते विमान डोळ्यासमोर असावं लागतं.

मग ते जपायला इतकं अवघड का?

आता लाकडाच्या गोष्टीकडे परत येऊ.

मिग-२१ सारखं धातूचं विमान चौकात चौथऱ्यावर उभं केलं, तर रंग उडेल, गंज चढेल, पण सांगाडा अनेक वर्षं टिकेल. व्हॅम्पायरचं तसं नाही.

पहिलं कारण, लाकूड श्वास घेतं. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडीठाक होते. जूनच्या शेवटी पाऊस सुरू झाला की महिनोन्महिने दमट. या चक्रात लाकूड आकसतं आणि फुगतं. घराचं दार पावसाळ्यात अडकतं आणि उन्हाळ्यात सैल होतं, तसंच. दाराला रंधा मारता येतो. विमानाच्या धडाला नाही. धडाला धातूचे भाग बोल्टने जोडलेले असतात आणि धातू लाकडाबरोबर त्याच मापात हलत नाही. मग जोडाजवळ भेगा पडतात.

दुसरं कारण, सरस. थर सुटले की आतलं बाल्सा उघडं पडतं आणि पाणी प्यायला लागतं. बाहेरून विमान ठणठणीत दिसतं, पण बोटाने ठोकलं की पोकळ आवाज येतो.

ही भीती नुसती कल्पनेतली नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये भारतात असलेली ब्रिटिश मॉस्किटो विमानं अचानक जमिनीवर थांबवावी लागली होती, कारण काही विमानांच्या लाकडी पंखांचे जोड सुटल्याचं आढळलं. आपल्या हवेत लाकडाचे जोड कितपत टिकतील, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला होता.

तिसरं कारण, वाळवी आणि बुरशी. सागवानात नैसर्गिक तेल असतं, म्हणून जुन्या वाड्यांचे खांब शंभर वर्षं उभे राहतात. २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून आलापल्लीचं सागवान गेलं, ते याच टिकाऊपणामुळे. बर्च आणि बाल्सा यांच्याकडे असं कवच नाही. एकदा ओल गेली की बुरशी, आणि जमिनीचा आधार मिळाला की वाळवी.

मग सागवानाचंच विमान का नाही बनवलं, असा प्रश्न पडेल. कारण वजन. सागवान टिकलं असतं, पण विमान जड झालं असतं. उडण्यासाठी जे लाकूड चांगलं, तेच जपण्यासाठी सर्वात नाजूक.

जगात ही विमानं कशी जपली आहेत?

दिल्लीत पालमला १९६७ पासून हवाई दलाचं संग्रहालय आहे. तिथे रात्री लढणारं व्हॅम्पायर जपून ठेवलेलं आहे.

जहाजावर उतरलेलं एरिक ब्राउन यांचं व्हॅम्पायर इंग्लंडमध्ये येओव्हिल्टनच्या नौदल हवाई संग्रहालयात आहे. लंडनजवळच्या डी हॅविलंड संग्रहालयात व्हॅम्पायर तर आहेतच, शिवाय मॉस्किटोचा १९४० मध्ये उडालेला अगदी पहिला नमुनाही आहे. ऐंशी वर्षांहून जुनं लाकडी विमान आजही उभं आहे. म्हणजे लाकूड जपता येतं, फक्त छप्पर, कोरडी हवा आणि सतत लक्ष लागतं.

स्वित्झर्लंडने तर १९९० पर्यंत व्हॅम्पायर वापरली. निवृत्त झाल्यावर त्यातली बरीच हौशी संग्राहकांनी घेतली आणि काही पुढे अनेक वर्षं हवाई प्रदर्शनांत उडत राहिली.

सगळ्यांचा अनुभव एकच सांगतो. लाकडी विमान उघड्यावर ठेवायचं नाही. भिंती नसल्या तरी चालतील, पण वर छप्पर हवं. चाकं जमिनीपासून थोडी वर घ्यायची, म्हणजे टायर बसत नाहीत आणि वाळवीचा रस्ता तुटतो. पाणी साचणाऱ्या जागा मोकळ्या ठेवायच्या. दर पावसाळ्यानंतर धड ठोकून तपासायचं. आणि वरवर चकचकीत रंग मारून आतली कूज झाकायची नाही.

तुम्ही काय करू शकता?

चौथऱ्यावरचं विमान दिसलं की आधी ओळखा. दोन दांड्यांवर शेपूट असेल तर ते व्हॅम्पायर असण्याची दाट शक्यता. नाकाच्या टोकाला टोकदार शंकू आणि सिगारसारखं धड असेल तर मिग-२१. अगदी छोटं आणि उंच खांद्याचं असेल तर नॅट. विमानावर लिहिलेला अक्षरं-आकड्यांचा क्रमांक फोटोत येईल असं बघा, कारण त्यावरूनच त्या एका विमानाचा इतिहास शोधता येतो. आणि 'हे अमुक युद्धात पाडलेलं विमान' असं ऐकीव वाक्य खाली लिहून पोस्ट पुढे ढकलू नका.

घरात कुणी हवाई दलात होतं का? पायलटच असायला हवं असं नाही. फिटर, रिगर, वायरलेसवाले, स्टोअरमधले, सगळ्यांच्या हातून ही विमानं गेली आहेत. लाकडी धडाची डागडुजी करणारे हात तर सुतारांचेच होते. त्यांचे फोटो, पत्रं, उड्डाणांची वही असेल तर चार गोष्टी करा. लॅमिनेशन करू नका, कारण ते नंतर काढता येत नाही. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं आणि साल लिहा, बॉलपेनने नको. मोबाइलवर का होईना, चांगल्या उजेडात प्रत काढून दोन जागी ठेवा. आणि ते माणूस हयात असेल तर त्यांना बोलतं करून आवाज रेकॉर्ड करा. लाकूड दुरुस्त होतं, राहून गेलेलं बोलणं होत नाही.

जाता जाता

गोव्यावर घिरट्या घालणारी आणि छांबला लढलेली ४५ नंबरची स्क्वॉड्रन आठवते ना? पुढे ती मिग-२१ वर गेली. १ जुलै २०१६ रोजी याच स्क्वॉड्रनला भारताची पहिली तेजस विमानं मिळाली.

तेजसच्या सांगाड्याचा वजनाने जवळपास ४५ टक्के भाग कार्बन कंपोझिटचा आहे. म्हणजे काय, तर पातळ थर एकावर एक ठेवायचे, चिकट रेझिनने जोडायचे, साच्यात दाबून आकार द्यायचा. बर्चच्या जागी कार्बनचा धागा आला आणि सरसाच्या जागी रेझिन. मधली पन्नास-साठ वर्षं विमानं ॲल्युमिनियमची होती, पण थर चिकटवून हलकं आणि मजबूत धड बनवायची युक्ती तीच, जी हॅटफिल्डच्या सुतारांनी वापरली होती.

म्हणून व्हॅम्पायर हे फक्त भंगारात जायचं राहिलेलं जुनं विमान नाही. आपल्या जेट युगाचं ते पहिलं पान आहे. फक्त ते पान लाकडाचं आहे, आणि लाकूड पावसात ठेवत नसतात, हे आपल्या जंगलपट्ट्यातला कुणीही सांगेल.